मोत्याच्या तोंडातलं हाड

रविवारी दुपारी मटणाची पंगत उठली की ताटांतली हाडं एका जुन्या पातेल्यात जमा व्हायची, आणि मागच्या दारी बसलेल्या मोत्याचं शेपूट अंगण झाडायला लागायचं. गावाकडे वाढलेल्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं. आजी ते पातेलं त्याच्यापुढे रिकामं करायची आणि म्हणायची, "खाऊ दे, त्याच्या हाडात हाड भरतं." आज त्याच घरातली नातवंडं शहरात लॅब्रॅडॉर पाळतात. लस टोचायला नेलं की डॉक्टर बजावतात, "हाड अजिबात घालू नका." आणि मोबाइल उघडला की तिसरं कुणी ठासून सांगतं, कच्चं हाड हेच कुत्र्याचं मूळ अन्न, बाकी सगळं माणसाने माथी मारलेलं. पुण्या-मुंबईत तर कच्चं मांस आणि हाडं गोठवून घरपोच देणारेही आहेत.

मग खरं कुणाचं मानायचं? तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. आजी, डॉक्टर आणि तो तिसरा माणूस वेगवेगळ्या हाडांबद्दल आणि वेगवेगळ्या कुत्र्यांबद्दल बोलत असतात, म्हणून घोळ होतो. हाड कच्चं की शिजलेलं, कुठल्या भागाचं, कुत्रा मोठा की पिल्लू, या तीन प्रश्नांवर उत्तर फिरतं. त्यासाठी आधी हाडाच्या आत डोकावायला हवं.

भुसा कालवलेली माती

जुन्या घराची भिंत लिंपताना नुसती माती वापरत नाहीत. तीत गव्हाचा भुसा कालवतात. माती भिंतीला भक्कमपणा देते आणि भुशाचे धागे ती माती एकमेकांत अडकवून धरतात. भुसा नसेल तर भिंत वाळली की तडकते.

हाडाची बांधणी अशीच आहे. त्यातली 'माती' म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे कठीण खनिज कण. वजनाने हाडाचा जवळपास दोन तृतीयांश भाग हाच. 'भुसा' म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट धागे. कच्च्या हाडात थोडं पाणीही असतं. धागे आणि पाणी यांच्यामुळे ताजं हाड जोर आला की किंचित लवतं आणि चावलं की चुरडतं, चेपतं.

हे घरी पाहता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवड्याभरात ते हाड रबरासारखं वाकायला लागतं. आम्लाने माती विरघळवली, भुसा तेवढा राहिला. आता दुसरं हाड चुलीत किंवा शेगडीच्या निखाऱ्यांत जाळा. पांढरं पडेल, आकार तसाच राहील, पण चिमटीत धरलं की चुरा होईल. इथे भुसा जळाला आणि माती उरली.

शिजवताना या दुसऱ्या प्रयोगाची सौम्य आवृत्ती घडते. उष्णतेने कोलॅजनचे धागे आकसतात, सुटे होतात आणि त्यांचं जिलेटिन होऊन ते रश्शात उतरतं. पायाचा रस्सा रात्री फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी थरथरत्या वडीसारखा घट्ट होतो, ते हेच जिलेटिन. रस्सा जितका दाट, हाडातला भुसा तितका कमी. तंदूरमध्ये भाजलेल्या हाडातलं पाणीही उडून जातं. असं हाड दाताखाली चुरडत नाही. ते फुटतं, आणि फुटताना सुईसारख्या टोकदार चिरफळ्या होतात. त्या टाळूत रुततात, घशात अडकतात, आतड्याला भोकही पाडू शकतात.

म्हणून पहिला निकाल इथेच लागतो. ताटातलं उरलेलं, शिजलेलं, भाजलेलं हाड कुत्र्याला कधीही घालू नये. रश्शातल्या हाडाला आणखी एक दोष चिकटलेला असतो, तो म्हणजे कांदा-लसणाचं वाटण. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि ते शिजवल्याने हा दोष जात नाही. दुकानात मिळणारी धुरावलेली, भाजलेली, पाकीटबंद हाडंही शिजलेल्यातच मोडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 साली अशा पाकीटबंद हाडांबद्दल इशारा दिला, तेव्हा त्यांच्याकडे कुत्री आजारी पडल्याच्या सुमारे 68 तक्रारी आल्या होत्या. साधारण 15 कुत्री दगावल्याचं त्यांत कळवलं होतं.

मग गावचा मोत्या कसा जगला? तो जगला म्हणून आपल्याला आठवतो. जो कुत्रा हाड अडकून चार दिवस उपाशी राहिला आणि रानात जाऊन मेला, त्याचं कारण कुणी शोधलं नाही. 'कुठे गेला कुणास ठाऊक' एवढंच घरात बोललं गेलं.

अडकित्ता आणि जातं

माणसाच्या दाढा जात्यासारख्या असतात. खालचा जबडा आपण आडवाही फिरवतो, म्हणून घास दळला जातो. कुत्र्याचा जबडा बिजागरीच्या दारासारखा वर-खाली चालतो, आडवा फारसा हलत नाही. त्याच्या 42 दातांपैकी सर्वांत कामाचे म्हणजे वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ. या दोन्ही बाजूंच्या जोड्या एकमेकींना घासून जातात, अगदी सुपारी कातरणाऱ्या अडकित्त्यासारख्या. कुत्रा हाड खाताना मान वाकडी करून ते गालाच्या बाजूला ढकलतो, ते या अडकित्त्यात धरण्यासाठी.

मांस कातरायला, कूर्चा तोडायला, कोवळं हाड चुरडायला हा अडकित्ता उत्तम आहे. पण त्यात सुपारीऐवजी गारगोटी धरली तर पातंच उडेल. कुत्र्याच्या दातावरचं एनॅमल माणसाच्या मानाने पातळ असतं, एक मिलिमीटरहूनही कमी. गुरांच्या पायाचं जाड हाड शेकडो किलोंचं वजन पेलण्यासाठी घडलेलं असतं. त्याच्या मधल्या नळीवर कुत्र्याने पूर्ण जोर लावला की वरच्या चौथ्या उपदाढेची बाहेरची कपची निघते आणि आतली नस उघडी पडते. ती कळ किती भयंकर असते हे किडलेल्या दाढेने रात्र जागवलेल्याला सांगायला नको. कुत्रा मात्र ओरडत नाही. तो फक्त एका बाजूने खायला लागतो, आणि महिनोन् महिने घरच्यांच्या लक्षात येत नाही.

'रानातल्या प्राण्यांचे दात बघा, कसे लखलखीत असतात,' असं कच्च्या हाडांचे पुरस्कर्ते सांगतात. आफ्रिकेतल्या जंगली कुत्र्यांच्या 29 कवट्या तपासून 1999 साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतल्या बहुतेकांचे दात झिजलेले होते, जवळपास निम्म्यांत मोडलेले दात होते, आणि दहांतल्या चारांत हिरड्यांखालच्या हाडाचा आजार दिसला. हे प्राणी आयुष्यभर कच्ची हाडंच खात होते. रानात दात मोडण्याची किंमत मोजून पोट भरावं लागतं. आपल्या घरात वाढणाऱ्या कुत्र्याने ती का मोजावी?

किटणाचं काय?

इथे कच्च्या हाडाची बाजू खरोखर भक्कम आहे.

कुत्र्याचे दात सहसा किडत नाहीत. त्याची लाळ अल्कधर्मी असते आणि पिठाची साखर करणारा पाचक रस तिच्यात जवळजवळ नसतो. पण त्याच अल्कधर्मी लाळेमुळे दातांवर किटण लवकर धरतं. आधी दातावर जंतूंचा लिबलिबीत थर बसतो. दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि थर दगडासारखा होतो. बोअरच्या पाण्याने नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो तसंच हे. थर कोवळा असेपर्यंत फडक्यानेही निघतो, टणक झाल्यावर खरवडावा लागतो. किटण हिरडीखाली सरकलं की हिरडी सुजते, दात हलतो, तोंडाला घाण वास येतो.

कच्चं हाड हे किटण खरवडतं का? ब्राझीलमधल्या संशोधकांनी आठ प्रौढ बीगल कुत्र्यांना रोज कच्चं गोमांसाचं हाड चघळायला दिलं आणि दातांची छायाचित्रं काढून किटण मोजलं. हा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. हाडाच्या मधल्या कठीण नळीचे तुकडे दिले तेव्हा बारा दिवसांत किटण सुमारे 70 टक्क्यांनी घटलं. सांध्याजवळचं, स्पंजसारखं सच्छिद्र टोक दिलं तेव्हा तेवढ्याच दिवसांत ते 80 टक्क्यांहून अधिक घटलं.

म्हणजे मऊ टोकाने काम जास्त चांगलं केलं. कारण सोपं आहे. कठीण नळीवर दाताचं फक्त टोक घसरतं. सच्छिद्र टोकात दात आत रुततो आणि त्याच्या चारी बाजूंना खरखरीत भाग घासला जातो, जशी राखेत बुडवलेली काथ्याची शेंडी भांड्याच्या कोपऱ्यात शिरते. हाडाला मांस आणि स्नायूंचे चिवट पट्टे लागलेले असतील तर तेही दातांच्या फटींतून धाग्यासारखे ओढले जातात.

पण हे यश वाचताना तीन गोष्टी विसरू नयेत. कुत्री आठच होती. हाड रोज दिलं जात होतं, त्यामुळे महिन्यातून एकदा हाड टाकून तोच लाभ मिळेल असं नाही. आणि मोजलं गेलं ते दातावरचं, डोळ्यांना दिसणारं किटण. खरा आजार हिरडीच्या खाली असतो, तिथे हाड पोचत नाही. मऊ ब्रशने रोज दात घासणं हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पेस्ट मात्र कुत्र्यांसाठीचीच घ्यावी. माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्यांना विषारी आहे.

दातांपलीकडचा एक लाभ आकड्यांत मांडता येत नाही, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. दिवसभर दोन खोल्यांच्या घरात कोंडलेल्या कुत्र्याला तोंडाने, पंजांनी, नाकाने करण्यासारखं काम मिळणं. हाड पंजात धरून, डोळे अर्धे मिटून चघळणारा कुत्रा पाहिला की तो शांत झालेला दिसतो. चघळणं ही त्याची भूक आहे, पोटाच्या भुकेहून वेगळी. ती भागली नाही की चपला आणि सोफ्याचे कोपरे जातात.

कणगीतलं धान्य

आजीचं 'हाडात हाड भरतं' हे वाक्य आता तपासू.

मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं, पंधरा-वीस भागांना एक भाग इतकं विषम. कुत्र्याच्या शरीराला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त लागतं. हाडात हे प्रमाण साधारण दोनास एक असतं. म्हणून लांडगा जेव्हा मांसासोबत हाडही खातो, तेव्हा त्याचा हिशेब जुळतो.

हाड न खाता नुसतं मांस खाल्लं तर काय होतं? रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर ठेवावंच लागतं, नाहीतर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. अन्नातून ते आलं नाही की गळ्यातल्या परावटू ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांच्या कणगीतून कॅल्शियम काढलं जातं. दुष्काळात घर बियाण्याचं धान्य खायला काढतं, तसंच. बाहेरून कुत्रा काही काळ धडधाकट दिसतो, आतून हाडं पोकळ होत जातात. वाढत्या पिल्लाला नुसतं उकडलेलं चिकन आणि भात घालणाऱ्या हौशी घरांत हे घडतं. पिल्लू लंगडायला लागतं आणि सोफ्यावरून उडी मारली एवढ्या निमित्ताने त्याचं हाड मोडतं.

गावच्या कुत्र्याचं जेवण वेगळं होतं. भाकरीचे तुकडे, ताक, उरलेली आमटी आणि अधूनमधून हाडं. कुत्रा लांडग्यापासून इथेच दुरावला. स्वीडनमधल्या उपसाला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या रसाच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यांत 4 पासून 30 पर्यंत. माणसाच्या उकिरड्यावर आणि दारात हजारो वर्षं काढल्याची ही खूण आहे. त्यामुळे 'कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, त्याला कच्चं मांस-हाडच हवं' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. भाकरी पचवण्याची सोय त्याच्या रक्तातच आहे.

गरज कॅल्शियमची आहे. ते हाडातूनच यावं असा नियम नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ कुत्र्याला दर 1000 कॅलरी अन्नामागे 1 ग्रॅम कॅल्शियम लागतं, वाढत्या पिल्लाला 3 ग्रॅम. अंड्याच्या एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक केलं की घरचं जेवण जेवणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी ही कणगी भरायची अगदी साधी सोय आहे. किती चिमूट घालायची ते वजन आणि जेवण पाहून पशुवैद्यांकडून ठरवून घ्यावं. तयार कोरडं अन्न खाणाऱ्या कुत्र्याला याची गरज नाही, त्यात कॅल्शियम आधीच घातलेलं असतं. हाडांच्या आळणी सुपावर मात्र भिस्त ठेवू नये. त्यात जिलेटिन उतरतं, चव उतरते, कॅल्शियम फारच थोडं उतरतं.

पिल्लाचा हिशेब वेगळा

कच्च्या हाडाचे गुण सांगणारे बहुतेक जण मोठ्या कुत्र्याचा नियम पिल्लाला लावतात. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे.

प्रौढ कुत्र्याच्या आतड्याच्या दाराशी राखणदार असतो. कॅल्शियम जास्त आलं की तो कमी आत सोडतो. लहान पिल्लात, साधारण सहा महिन्यांपर्यंत, हा राखणदार कामावर आलेलाच नसतो. जेवढं कॅल्शियम येईल त्याचा मोठा हिस्सा आत शिरतो, हवा असो वा नसो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात 1980 च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियम खाणाऱ्या पिल्लांची हाडं वेडीवाकडी वाढली आणि सांध्यांतली कूर्चा बिघडली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हा धोका जास्त. चांगलं तयार अन्न खाणाऱ्या अशा पिल्लाला वरून हाडं किंवा कॅल्शियमचं गोड औषध देणारे घरोघरी भेटतात. पायात ताकद यावी म्हणून देतात, आणि त्यानेच पाय बिघडतात. ज्याला कमी पडलं तेही लंगडतं, ज्याला जास्त झालं तेही लंगडतं.

पिल्लाचे 28 दुधाचे दात सुईसारखे टोकदार आणि तितकेच नाजूक असतात. दुधाचा दात मोडला आणि नसेतून जंतू आत गेले तर खाली घडत असलेला कायमचा दातही बिघडू शकतो. साधारण चार ते सात महिन्यांच्या दरम्यान दात बदलतात, हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू दिसेल ते चावतं. तेव्हा कच्चं हाड आठवतं खरं. पण या वयात त्याची प्रतिकारशक्ती अजून अर्धवट असते. ओलं फडकं पिळून, पीळ घालून, फ्रिजरमध्ये गार करून द्या. गार, जाडसं गाजर द्या. जवळ बसून द्या म्हणजे मोठा तुकडा गिळला जाणार नाही. रबराची पोकळ खेळणी द्या. नखाने दाबलं की खड्डा पडेल इतपत तरी वस्तू मऊ हवी, ही साधी कसोटी पिल्लासाठीच नव्हे, मोठ्या कुत्र्यासाठीही चांगली आहे.

न दिसणारे पाहुणे

कच्च्या मांस-हाडासोबत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जंतू घरात येतात. धडधाकट कुत्र्याला त्यांनी काहीच होत नाही असं अनेकदा दिसतं, आणि म्हणून लोक निर्धास्त होतात. पण तो ते जंतू विष्ठेतून आणि तोंडातून पसरवत राहतो. त्याच तोंडाने तो रांगत्या बाळाचा गाल चाटतो. फ्रिजरमध्ये ठेवल्याने काही परजीवी मरतात, जंतू झोपून राहतात आणि ऊब मिळाली की उठतात.

लहान जातीच्या कुत्र्यांना कच्च्या कोंबडीच्या माना घालण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मेलबर्न विद्यापीठाने 2018 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास त्यावर प्रश्नचिन्ह लावतो. मागच्या पायांपासून सुरू होऊन अंगभर पसरणारा एक लुळेपणा कुत्र्यांना होतो. असा लुळेपणा आलेली 27 कुत्री आणि निरोगी 47 कुत्री त्यांनी तपासली. लुळ्या पडलेल्या कुत्र्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडण्याची शक्यता नऊ पटींहून अधिक होती, आणि संशय कच्च्या कोंबडीवर गेला.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीपासून कटाक्षाने दूर राहायला हवं. खाटकाच्या दुकानामागे कुत्र्यांना शेळ्या-मेंढ्यांचं टाकाऊ काळीज, फोफसं मिळतं. त्यात हायडॅटिड या फीतकृमीच्या पाण्याने भरलेल्या गाठी असू शकतात. कुत्र्याने त्या खाल्ल्या की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि ती पोटात गेली तर माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशाच गाठी होतात. आइसलँड आणि न्यूझीलंड या मेंढ्यांच्या देशांनी कुत्र्यांना कच्चे अवयव मिळणं बंद करून आणि कुत्र्यांना जंताचं औषध देऊन या रोगाला हद्दपार केलं. हाड मागायला गेलात तरी 'थोडं काळीजही टाकतो' याला नाही म्हणा.

चौकट: कच्चं हाड द्यायचंच ठरवलं असेल तर

* कुत्रा प्रौढ हवा. दात धड हवेत. घास न चावता गिळणाऱ्या अधाशी कुत्र्याला हाड देऊच नये.
* हाड त्याच्या तोंडापेक्षा मोठं, पूर्ण आत न जाणारं असावं. सांध्याचं सच्छिद्र टोक, मांस लागलेलं. मधली कठीण नळी नको.
* नळीच्या गोल चकत्या कधीच नकोत. त्या बांगडीसारख्या खालच्या जबड्यात सुळ्यांमागे अडकून बसतात आणि कापून काढाव्या लागतात.
* जेवण झाल्यावर द्या, दहा-पंधरा मिनिटं समोर बसून राहा, मग काढून घ्या. नळीतल्या चरबीने हागवण लागू शकते आणि काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते.
* हिसकावू नका. चिकनचा किंवा पनीरचा तुकडा दाखवून अदलाबदल करा. हाडावर बसलेला लाडका कुत्राही चावतो. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत द्या.
* उरलेलं हाड त्याच दिवशी टाका. वाळलेलं हाड शिजलेल्याइतकंच ठिसूळ होतं.
* फरशी, भांडं, हात साबणाने धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, फार म्हातारं माणूस किंवा कर्करोगावर उपचार घेणारं कुणी असेल तर कच्चं हाड घरात आणूच नका.

अडकलं तर

हाड अडकण्याच्या जागा ठरलेल्या असतात. अन्ननलिका तीन ठिकाणी अरुंद होते: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर आणि पोटाच्या पडद्याच्या अलीकडे. एकदा जठरात पोचलं की लहान तुकडे तिथल्या आम्लात विरघळतात, त्या व्हिनेगरमधल्या हाडासारखेच. पण मोठा तुकडा एवढा वेळ थांबत नाही, तो टोकासकट पुढे सरकतो. फार हाड खाल्लेल्या कुत्र्याची शी खडूसारखी पांढरी, कोरडी, टणक होते आणि तो कुंथत राहतो. लांडग्याच्या विष्ठेत हाडाचे तुकडे शिकारीच्या केसांत गुंडाळलेले सापडतात. घरच्या कुत्र्याच्या जेवणात केसांचं ते अस्तर नसतं.

लाळ गळणं, वारंवार गिळण्याची धडपड, मान लांबवून उभं राहणं, पाणी प्यायल्यावर लगेच बाहेर येणं, पोटाला हात लावू न देणं, काळी डांबरासारखी शी, यांपैकी काहीही दिसलं तर तो तातडीचा प्रसंग समजा. मीठ पाजून उलटी करवू नका. टोकदार तुकडा खाली जाताना जेवढं नुकसान करतो तेवढंच वर येताना करतो, आणि मीठ स्वतः विषारी ठरू शकतं. भात-केळं खाऊ घालून हाड 'ढकलायचा' उपायही करू नका, अडकलेल्या जागी भर पडते. घशात बोटं घालू नका. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. पहिल्या काही तासांत दुर्बिणीने निघणारं हाड दोन दिवसांनी छाती उघडून काढावं लागतं.

माझ्यापुरता निर्णय असा आहे: पिल्लाला हाड नाही, कुणालाही शिजलेलं नाही, आणि निरोगी, शांत चघळणाऱ्या मोठ्या कुत्र्याला कधीतरी, समोर बसून, कच्च्या हाडाचं मऊ टोक. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण या रविवारी ताटातली हाडं जमा कराल तेव्हा ती कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, कारण कचऱ्याची पिशवी फोडून खाल्लेलं हाडही तेवढंच घातक असतं. आणि तुमच्या भागात रात्री, रविवारी उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कुठे आहे ते शोधून त्याचा फोन नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा.